सिग्नल मोडणारे, रीत न मोडणारे

बँकेत गाणे म्हटले तर चालेल का? अंत्ययात्रेत हसले तर? वाचनालयात वाद घातला, बसमध्ये चुंबन घेतले तर? असे प्रश्न घेऊन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिशेल गेलफंड आणि त्यांचे सहकारी ३३ देशांतल्या ६,८२३ लोकांपर्यंत पोहोचले. आपल्या देशात वागण्याचे नियम किती, कुणी वावगे वागले तर बाकीचे किती नाके मुरडतात, हेही विचारले आणि त्यावरून देशांना गुण दिले. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. सर्वांत कडक पाकिस्तान, १२.३ गुण. मग मलेशिया, ११.८. तिसरा भारत, ११.०. अमेरिका ५.१ वर आणि तळाला युक्रेन, १.६.

भारत तिसरा! पुण्यातल्या कोणत्याही चौकातल्या वाहतूक पोलिसाला हे सांगितले तर तो शिट्टी वाजवायची विसरेल.

पण गुण कायदा पाळण्याचे नव्हते, लोकांच्या नजरेच्या धाकाचे होते. आणि ती नजर आपल्याकडे सिग्नलवर नसतेच. लाल दिवा तोडणाऱ्याला नातेवाईक जाब विचारत नाहीत. मुलीने जातीबाहेर लग्न ठरवले की तेच नातेवाईक रात्रीची गाडी पकडून येतात.

ही नजर कुठून येते? गेलफंड यांचे उत्तर संकटांकडे बोट दाखवते. दाट लोकवस्ती, दुष्काळ, साथी, पूर-भूकंप, परचक्र असे ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले, तिथे एकजुटीने वागण्याला पर्याय नव्हता. म्हणून नियम आवळले गेले. सिंगापूर हे त्याचे ठळक उदाहरण. १९६४ मध्ये वांशिक दंगली, १९६५ मध्ये मलेशियापासून फारकत, चिमूटभर जमीन आणि पिण्याचे पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून. तिथल्या सरकारने १९९२ मध्ये च्युइंगमच्या विक्रीवर बंदी आणली, कारण कुणीतरी मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर ते चिकटवत होते आणि गाड्या अडत होत्या. बाहेरच्यांना हसू आले. रहिवाशांनी ते पचवले. मात्र हे गणित सगळीकडे जुळत नाही: सतत युद्धाच्या छायेत असलेला इस्रायल याच यादीत बराच सैल निघाला.

शिवाय, नियम कसा जन्मला हे कळले म्हणून तो योग्य ठरत नाही. महाराष्ट्रातल्या जातपंचायतींनी ज्यांना वाळीत टाकले, त्यांच्यामुळे कोणता पूर येणार होता? दुकानात वाणसामान नाही, लग्नाला बोलावणे नाही, मयताला खांदा नाही. लेखी आदेशाशिवाय सगळे गाव हे काटेकोर पाळते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ही प्रकरणे लावून धरली आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अडचण साक्षीदाराची. त्यालाही त्याच गावात राहायचे असते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडने वेगळी वाट धरली, ती म्हणूनच जास्त चतुर वाटते. मे २०२२ मध्ये गावाने ठराव केला की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. ‘लोक काय म्हणतील’ हा धाक गावाने घालवला नाही, कामाला लावला. आता बांगड्या फोडायला सरसावणाऱ्या हाताने आधी आजूबाजूला पाहावे, अशी ठरावाची अपेक्षा आहे.

त्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे जाते का, हे ठरावाच्या कागदावर दिसत नाही. ते पाहायला संक्रांतीच्या सुमारास गावातच जावे लागेल.