वाळूवरचा पाया

युद्ध हा ज्याचा धंदा, त्याच्याकडून निर्माणाची अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. परंतु फौजेतील इंजिनियर हा या नियमाला अपवाद होय. तट पाडणे, सुरुंग लावणे, नदीवर घाईघाईने पूल टाकणे ही त्याची लष्करी कर्तव्ये खरी. तथापि तलवारी म्यान झाल्या की रस्ते, तळी, कालवे यांचीही जबाबदारी त्याच हातांवर येऊन पडते, कारण भूमीची मोजणी, दगडमातीचा अजमास आणि शेकडो मजुरांना शिस्तीने कामास लावण्याची हातोटी त्याच्याखेरीज राज्यात दुसऱ्या कोणाजवळ फारशी नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, गव्हर्नर-जनरल डलहौसीने सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभारण्यापूर्वी, हा भार बहुतांशी लष्करी इंजिनियरांनीच वाहिला. त्यांपैकी सर आर्थर कॉटन यांची कारकीर्द विशेष विचारार्ह वाटते. इंजिनियरी विद्येचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही या एकाच पुरुषाच्या ठायी स्पष्टपणे दिसून येतात.

कॉटन यांचा जन्म १८०३ चा. ॲडिसकंब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकून १८१९ साली मद्रास इंजिनियर्स या पलटणीत त्यांची नेमणूक झाली आणि १८२१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मद्रासेस येऊन पोहोचले. ब्रह्मदेशावरील पहिल्या स्वारीत त्यांनी लढाईही पाहिली. परंतु आयुष्याचे वळण ठरविले ते मद्रास इलाख्याच्या मरामत खात्यातील नेमणुकीने. दक्षिणेकडील जिल्ह्यांतील शेकडो जुन्या तळ्यांची निगराणी करीत, घोड्यावरून आणि पायी हिंडताना, ज्या देशाला आपण सुधारावयास आलो तेथील लोक पाणी अडविण्याच्या विद्येत आपले गुरू शोभतील, ही गोष्ट या तरुण अधिकाऱ्याच्या ध्यानात आली असावी.

या गुरुत्वाचा साक्षात प्रत्यय त्यांना तंजावर प्रांतात आला. व्यंकोजी राजांच्या वंशजांनी ज्या भूमीवर सव्वाशे वर्षे राज्य केले आणि १७९९ साली सरफोजी राजांकडून जिचा कारभार कंपनीने आपल्या हाती घेतला, ती ही भूमी सर्वस्वी कावेरीवर जगते. श्रीरंगमपाशी नदीचे दोन फाटे होतात; त्यांतील उत्तरेकडील कोलेरून हा अधिक उताराचा असल्यामुळे वर्षानुवर्षे पाणी आपल्याकडे ओढून घेत होता आणि तंजावरच्या बाजूची कावेरी गाळाने भरत चालली होती. कोलेरून जेथे फुटतो तेथे बंधारा घालावा हे उघड होते. अडचण एवढीच होती की तळाशी खडक नाही, वाळूच वाळू आहे, आणि तिचा ठाव कोणास ठाऊक नाही. युरोपीय स्थापत्याचे ग्रंथ येथे निरुपयोगी ठरले. परंतु थोड्याच अंतरावर, चोळ राजा करिकाल याने बांधला असे परंपरा मानते, तो कल्लणै नावाचा पुरातन बंधारा शतकानुशतके पुराचा मारा सोशीत उभा होता, आणि त्याच्या पोटात नुसते दगड व चिकणमातीच होती. दगड नदीत टाकावेत, ते आपल्या भाराने वाळूत रुतावेत, त्यांवर आणखी टाकावेत, आणि ते पुरते स्थिरावले म्हणजे वर चुन्याचे बांधकाम चढवावे, अशी ती रीत होती. या युक्तीच्या आधारे कॉटन यांनी १८३६ साली कोलेरूनवर दोन बंधारे उभारले. आणि वाळूत पाया धरण्याची विद्या आपण एतद्देशीय कारागिरांपासून शिकलो, ही कबुली त्यांनी पुढे निःसंकोचपणे दिली. राज्यकर्त्यांच्या वर्गातील पुरुषाने जित लोकांचे असे ऋण मान्य करणे त्या काळी विरळाच.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र गोदावरीवर चढला. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली आपली ही नदी राजमहेंद्रीच्या खाली समुद्राला मिळण्यापूर्वी विशाल त्रिभुज प्रदेश निर्माण करते. आणि असे असूनही १८२१ ते १८४१ या वीस वर्षांत राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसात लाखांवरून साडेपाच लाखांवर उतरली होती. महापूर, वादळे आणि १८३३ चा दुष्काळ यांनी रयत देशोधडीला लागली होती, महसुलाची बाकी वाढत होती, आणि पावसाळ्यात अफाट पाणी डोळ्यांदेखत समुद्रात जात होते. कॉटन यांनी सारा प्रदेश पालथा घालून १८४४ साली आपला अहवाल सादर केला, मंजुरी मिळाली आणि १८४७ साली धवळेश्वरम येथे कामास आरंभ झाला.

त्या कामाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. या ठिकाणी नदीचे पात्र सुमारे सहा किलोमीटर रुंद असून त्यात मोठाली बेटे आहेत. त्या बेटांचा आधार घेऊन बंधारा चार तुकड्यांत विभागला गेला. जवळच्याच टेकडीचा दगड फोडून तो रुळांवरील गाड्यांनी आणि होड्यांनी पात्रात आणावा, वाळूत विटांच्या गोल विहिरी उतरवून त्यांवर दर्शनी भिंत घ्यावी, तिच्या पाठीशी सुट्या दगडांचा उतार पसरावा, आणि पुराचे पाणी येण्यापूर्वी झालेले काम माथ्यापर्यंत पक्के करावे, अशी ही दरवर्षीची ऋतूशी शर्यत होती. कामावर एकेका वेळी दहा हजारांपर्यंत मजूर खपत. उन्हातान्हाच्या श्रमांनी प्रकृती ढासळून कॉटन यांना मध्यंतरी ऑस्ट्रेलियात विश्रांतीस जावे लागले, तेव्हा कॅप्टन ऑर यांनी काम पुढे रेटले. आणि वीणम वीरण्णा या तेलुगू देखरेखकाच्या कर्तबगारीची आठवण त्या प्रदेशात अद्याप आदराने काढली जाते. १८५२ साली बंधारा पुरा झाला. पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळात जेव्हा मद्रास इलाख्यात माणसे लाखांनी मेली, तेव्हा गोदावरीचा हा प्रदेश तगून राहिला, इतकेच नव्हे तर तेथून इतरत्र धान्य गेले.

येथवरची कथा विजयाची आहे. येथून पुढची अधिक शिकविणारी आहे. गोदावरीच्या यशाने कॉटन यांच्या मनात एक व्यापक सिद्धांत दृढ झाला: हिंदुस्थानाला आगगाडीहून पाण्याची गरज अधिक, आणि सर्व प्रमुख नद्या जोडणारे, नौकानयनास योग्य असे कालवे काढल्यास शेती व वाहतूक हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतील. दुष्काळात लोहमार्गाने धान्य आणता येते, पिकविता मात्र येत नाही, ही त्यांच्या युक्तिवादाची बाजू निर्विवाद होती. परंतु तुंगभद्रेच्या पाण्यावर कर्नूल ते कडप्पा असा जो कालवा त्यांच्या प्रेरणेने, सरकारी हमीच्या भांडवलावर, एका खासगी कंपनीने खोदला, त्याचे पाणी घेण्यास शेतकरीच पुढे आले नाहीत. तेथील काळ्या जमिनीत ओल टिकते, बऱ्या पावसात ज्वारी आपसूक पिकते. मग पाणीपट्टी कशासाठी भरावी, हा त्यांचा हिशेब सरळ होता. अखेर १८८२ साली तो तोट्याचा कालवा सरकारला विकत घ्यावा लागला. त्यापूर्वीच, १८७८ साली, पार्लमेंटच्या समितीपुढे वृद्ध कॉटन यांची उलटतपासणी झाली आणि त्यांच्या योजनांवर प्रतिकूल शेरा पडला. आगगाड्यांच्या पक्षाचे हितसंबंध त्यात गुंतलेले होते, हे खरे; पण कर्नूलच्या शेतकऱ्याचा कौल काही त्या पक्षाने विकत घेतलेला नव्हता.

दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या आपणांस यातील मर्म सहज उमगावे. त्रिभुज प्रदेशात नदी भोवतालच्या जमिनीहून उंचावरून वाहते. तिला किंचित अडविली की पाणी उतरणीने शेतात जाते. आपल्याकडे नदी खोल दरीत, शेत वर. म्हणून पावसाळ्याचे पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही. हे ओळखूनच दुसऱ्या एका लष्करी इंजिनियराने, कर्नल फाइफ यांनी, मुठेवर खडकवासल्याचे धरण घातले, आणि त्याच गरजेतून स्वातंत्र्योत्तर काळात पैठणला जायकवाडीचे धरण झाले. खानदेशात पांझरेवरील जुने बंधारे आणि पाणी सामाईकपणे वाटून घेण्याची फडपद्धती ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली, त्यांनाही आपल्या नदीचा स्वभाव कोणा अहवालातून शिकावा लागला नव्हता.

निवृत्तीनंतर डॉर्किंग येथील बागेत गव्हाच्या खोल मशागतीचे प्रयोग करीत कॉटन १८९९ साली निवर्तले. धवळेश्वरमच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी आता नवे बॅरेज आहे, तेही त्यांच्याच नावाचे. आणि गोदावरीच्या पुष्कर पर्वात तेथील लोक तर्पणात त्यांचे नाव घेतात. परकीय अंमलदाराला असा मान हिंदुस्थानात क्वचितच लाभला असेल, आणि तो अस्थानी नाही. तरी त्यांच्या थोरवीचे योग्य मोजमाप करावयाचे तर असे म्हणावे लागेल की, वाळूचा आणि कारागिराचा सल्ला घेऊन त्यांनी जे बांधले ते टिकले. एका नदीचा धडा साऱ्या देशाला लावून जे योजिले ते फसले. नदीजोडणीच्या भव्य नकाशांची चर्चा आजही होते, तेव्हा कॉटन यांचे नाव आवर्जून घेतले जाते. ज्यांना ते घ्यावयाचे असेल त्यांनी धवळेश्वरमच्या जोडीला कर्नूलचा जमाखर्चही वाचावा.