नक्कल: चोरी की खोटी साक्ष?



धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांचे पालक अलीकडे आम्हांला विचारतात, "फादर, मुलाने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेतला आणि खाली आपले नाव घातले, तर ते पाप का?" गायनमंडळात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो: दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवावेत का? आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारे आपले बांधव तर नमुना समोर ठेवूनच रोज वस्तू घडवतात. म्हणून या रविवारी नकलेविषयी थोडा विचार करू या.

अनुकरण मुळात वाईट नाही. माणूस पहिले धडे अनुकरणातूनच गिरवतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आहे. संत थॉमस अक्वायनस सांगतात की शून्यातून निर्मिती केवळ परमेश्वर करतो. आपण घडवतो ते आधीच असलेल्या गोष्टींतून. पवित्र मरियेने एलिझाबेथच्या घरी गायिलेले स्तोत्र (लूक १) आणि शमुवेलाची आई हन्ना हिचे गीत (१ शमुवेल २) शेजारी ठेवून वाचा. बलवानांचा पाडाव आणि भुकेल्यांची तृप्ती दोन्हीकडे आहे. तरी मरियेचे स्तोत्र उसने वाटत नाही, कारण हन्नाने गायिलेली देवाची कृपा तिने स्वतःच्या आयुष्यात अनुभवली होती.

आपल्या मराठीतले उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. पुराणाचा साचा त्यांचा नव्हे, ओवी त्यांची नव्हे, कथाही बायबलातली. मग फादरांचे स्वतःचे काय? परकी भाषा कानात मुरवून येशूची कथा इथल्या माणसाच्या तोंडी बसेल अशी सांगणे. ते श्रम कोणाकडून उसने मिळत नाहीत.

पिंपरीतही असेच घडले आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिनचा शोध काही येथे लागला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ते बनवण्याची विद्या येथील माणसे शिकली. पुढे याच कंपनीच्या संशोधकांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून 'हमायसिन' हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे. आधी दुसऱ्याचे गिरवले, मग आपल्या मातीत आपले सापडले.

आता उलट बाजू पाहू. संत एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत अनेक चुका आणि पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. १५८४ साली नाथांनी ती शुद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. ज्यांनी ओव्या घुसडल्या त्यांनी काही चोरले नव्हते. उलट आपले शब्द फुकट देऊन टाकले होते. मग नाथांना एवढे का खटकावे? कारण ऐकणाऱ्याला वाटत होते की ज्ञानेश्वर बोलत आहेत, आणि बोलत होता दुसराच कोणी.

म्हणून आम्हांला वाटते की नकलेचा दोष मोजताना सातव्या आज्ञेबरोबर आठवी आज्ञाही वाचावी. कंपनीचे ड्रॉइंग गुपचूप पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे देणे ही चोरीच. पण चोरी नसतानाही खोटी साक्ष असू शकते. निबंध लिहून देणाऱ्या यंत्राचे काही गेले नाही. तरी खाली घातलेले नाव वाचणाऱ्याला सांगते, 'हा विचार मी केला.'

ब्रेकचा सुटा भाग स्वतः बनवून त्यावर नामांकित कंपनीचा शिक्का मारणे, हे पदरची ओवी घुसडण्याच्याच जातीचे. फरक एवढाच की येथे विश्वास ठेवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. ठेकेदारीवर काम करणाऱ्याला 'शिक्का मार' असा हुकूम झाला, तर नकार देणे सोपे नसते हे आम्ही जाणतो; घरभाडे आणि मुलांची फी डोळ्यांपुढे असते. दोषाचा मोठा वाटा हुकूम देणाऱ्याचा. पण सगळा नव्हे. हात आपला असतो. असा पेच ज्याच्यापुढे असेल त्याने तो एकट्याने वाहू नये. आमच्याशी येऊन बोलावे, आणि धर्मग्रामातील ज्यांची कारखान्यांत ओळख आहे त्यांनी त्याच्यासाठी दुसरीकडे शब्द टाकावा.

बाकीच्यांसाठी गोष्टी लहान आहेत. गायनमंडळाने गीताच्या कागदावर मूळ रचनाकाराचे नाव लिहावे आणि जिथे परवानगी हवी तिथे ती मागावी. मुलांनी निबंधाखाली कोणाची व कशाची मदत घेतली ते एका ओळीत लिहावे. शब्द मोडकेतोडके असले तरी चालतील, पण ते स्वतःचे असावेत.

उसने घेण्यात कमीपणा नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव घ्यावे, आणि आपले नाव आपण केले तेवढ्याच कामाखाली घालावे. प्रभू आपणां सर्वांना खरी वाणी आणि प्रामाणिक हात देवो.

— आपले धर्मगुरू