गुण शून्य होतात, अभ्यास शून्य होत नाही



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५

गेल्या आठवड्यात एका वाचकाचा मेसेज आला. मुलगा आमच्याच नगर जिल्ह्यातला, नोकरीसाठी पुण्यात. दोन वर्षं त्याचं सगळं छान चाललं होतं. पहाटे उठून हरिपाठ, थोडं ध्यान, एकादशी, रात्री गीतेचं एक पान. मग नोकरी गेली, पाठोपाठ घरात आजारपण आलं आणि नेम सुटला. आता आठ महिने झालेत. त्यानं एवढंच विचारलं, "दादा, जे केलं ते सगळं वाया गेलं का? परत पहिल्यापासून सुरू करायचं म्हटलं की हातपायच गळतात."

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. हा प्रश्न अर्जुनाचा आहे, आणि तो सहाव्या अध्यायात आहे.

अर्जुन काय विचारतो?

कृष्णानं ध्यानाचा सगळा मार्ग समजावून सांगितलाय. आसन कसं असावं, आहार किती, झोप किती, मन कसं आवरावं. अर्जुन सगळं ऐकतो आणि मग एकदम प्रामाणिक प्रश्न टाकतो. समजा, एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडला. मन मधेच भरकटलं आणि तो वाटेतून घसरला. त्याचं काय? संसारातलं सुख त्यानं सोडलेलं आणि देवापर्यंतही तो पोचला नाही. वाऱ्यानं फाटलेल्या ढगासारखा तो दोन्हीकडून जातो की काय?

किती नेमकी उपमा आहे बघा. आमच्या नगरकडच्या माणसाला फाटलेला ढग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हा अवर्षणाचा भाग. जूनमध्ये ढग येतो, सगळं गाव वर बघतं, आणि तो न बरसताच विरून जातो. अर्जुनाला तसं व्हायची भीती वाटतेय.

या घसरलेल्या साधकाला गीतेत योगभ्रष्ट म्हटलंय. शब्द ऐकायला कडक आहे, पण कृष्णाचं उत्तर अजिबात कडक नाही. तो अर्जुनाला 'तात' अशी माया लावून हाक मारतो आणि सांगतो, की अशा माणसाचा नाश इथंही होत नाही आणि तिथंही होत नाही. भलं करू पाहणाऱ्याची वाईट गत होतच नाही. तो पुन्हा चांगल्या घरी जन्म घेतो, मागच्या वेळी बुद्धी जिथवर पोचली होती ती त्याला परत मिळते, आणि तिथून पुढे तो प्रयत्न करतो. इतकंच नाही, तर आधीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो, स्वतःची फारशी इच्छा नसली तरी.

आता हे जरा सावकाश समजून घेऊ. त्यासाठी आज मैदानात जाऊ या.

डेम्पोची गोष्ट

तुमच्यापैकी बरेच जण शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत इंग्लिश फुटबॉल बघत बसता, मला माहितीये. त्यामुळे 'रेलिगेशन' म्हणजे काय ते सांगायला नको. तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात आणि खालून वर यायचं तर पुन्हा अख्खा हंगाम खेळून दाखवावा लागतं. पण यासाठी इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात डेम्पो स्पोर्ट्स क्लब आहे.

डेम्पो म्हणजे एकेकाळी भारतीय फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव. २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मग आय-लीग सुरू झाली तर पहिलीच, २००७-०८ची, यांनी जिंकली. पुढे २००९-१० आणि २०११-१२. आठ हंगामांत पाच राष्ट्रीय जेतेपदं. आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक. २००८ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत हा संघ गेला होता.

आणि असा संघ २०१४-१५ च्या हंगामात घसरला. शेवटचं जेतेपद मिळवून तीनच वर्षं झाली होती, आणि पाच वेळचा विजेता थेट दुसऱ्या श्रेणीत.

इथं नवव्या अध्यायातली एक गोष्ट आठवते. कृष्ण सांगतो, की पुण्याच्या जोरावर स्वर्गात गेलेले लोक तिथलं सुख भोगतात आणि पुण्य संपलं की पुन्हा मर्त्यलोकात येतात. म्हणजे स्वर्गातूनसुद्धा रेलिगेशन आहे! वरचं स्थान कोणाच्या नावावर कायमचं लिहून दिलेलं नसतं. ते ज्या जोरावर मिळालं तो जोर संपला की ते सुटतं. हे ऐकायला कठोर वाटलं तरी खरं आहे. नोकरी, नाव, तब्येत, अगदी साधनेत लागलेली गोडीसुद्धा, ही सगळी स्थानं आहेत आणि स्थान जाऊ शकतं.

मग उरतं काय? सहावा अध्याय म्हणतो, अभ्यास उरतो.

पण खेळात तर सगळं शून्यच होतं ना?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच घेतो. नवा हंगाम सुरू झाला की गुणतक्ता कोरा असतो. पाच जेतेपदं असोत नाहीतर एकही नसो, सगळे शून्यावर. मग 'काही वाया जात नाही' हे कसं?

तक्ता कोरा होतो, पाय कोरे होत नाहीत. पास कुठं द्यायचा, दमल्यावर शेवटची दहा मिनिटं कशी काढायची, हे अंगात मुरलेलं असतं. कृष्ण जी बुद्धी परत मिळते म्हणतो, ती ही. मागचे गुण तो परत देत नाही, मागची घडण परत देतो. आपण मात्र रडतो ते गुणांसाठी. माझ्या सलग सातशे दिवसांच्या नेमाची साखळी तुटली, ॲपवरचा आकडा शून्य झाला. अरे, आकडा गेला, पण सातशे पहाटे उठलेलं शरीर कुठं गेलं? हरिपाठातले अभंग तोंडपाठ झालेत ते कुठं गेले?

डेम्पो २०१५-१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळला. आता विचार करा, यात अवघड काय असेल? धावणं नाही, गोल करणं नाही. अवघड असतं ते त्या मैदानावर उतरणं. कालपर्यंत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघांशी खेळणाऱ्यानं आज लहान मैदानावर, कमी गर्दीपुढं, फारसं नाव नसलेल्या संघाशी खेळायचं. 'आम्ही कोण होतो' हे डोक्यात घेऊन उतरलात तर हरलात. डेम्पो उतरला, खेळला आणि ती दुसरी श्रेणी जिंकून वर आला.

आपलं नेमकं इथंच अडतं. जो रोज तासभर ध्यानाला बसायचा, त्याला आता पाच मिनिटं बसायची लाज वाटते. 'एवढ्याशानं काय होणार' असं म्हणून तो ती पाच मिनिटंही करत नाही. त्याला वाटतं ही आपली निराशा आहे. मला विचाराल तर तो अहंकार आहे, फक्त त्यानं वेष बदललाय. पाच मिनिटं ही आपली दुसरी श्रेणी. तिथं उतरल्याशिवाय वरची वाट नाही.

वर आल्यावर काय झालं?

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगितलीच नसती. मेहनत करा, यश मिळेल, हे सांगायला गीता कशाला हवी? ते तर मोटिव्हेशनचे रील्सही सांगतात.

डेम्पोनं पुन्हा वर जायचा हक्क कमावला आणि त्याच सुमारास भारतीय फुटबॉलची रचनाच बदलायची भाषा सुरू झाली. इंडियन सुपर लीग ही वरची लीग आणि आय-लीग तिच्या खालची, असा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा आला. गोव्यातले साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले. पुढे डेम्पोही बाहेर पडला. म्हणजे वरची जागा खेळून मिळवली आणि त्या जागेवर एक सामनासुद्धा खेळला नाही.

आता सांगा, २०१५-१६ चा तो हंगाम फुकट गेला का?

दुसऱ्या अध्यायात कृष्ण सांगतो की तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. हे आपण इतकं ऐकलंय की ते गुळगुळीत झालंय. पण ज्यानं परीक्षा पास केली आणि नेमणूकच अडकली, ज्याला ऑफर लेटर आलं आणि कंपनीनं भरती थांबवली, त्याला विचारा हे वाक्य किती टोचतं. तुम्ही पात्र असता, मेहनत खरी असते, निकालही तुमच्या बाजूनं असतो, तरी फळ हातात येत नाही. दोष दर वेळी तुमचाच असतो असं नाही. निर्णय कुठंतरी लांब होतात आणि ते चुकीचे वाटले तर त्याबद्दल बोलावंही. गीता गप्प बसायला शिकवत नाही. ती एवढंच सांगते, की फळ अडलं म्हणून कर्म खोटं ठरत नाही.

डेम्पो गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला, तरुण पोरं घडवत राहिला. २०२३-२४ मध्ये आय-लीग २ मधून त्यानं पुन्हा वर जायचा मान मिळवला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगच्या मैदानात उतरला. पहिल्यांदा हक्क कमावल्यापासून आठ वर्षांनी. आणि या वेळी संघाचा प्रशिक्षक कोण? समीर नाईक, जो जेतेपदांच्या काळात याच संघाच्या बचावफळीत खेळायचा. मागचा अभ्यास पुढच्याला ओढून नेतो, तो असा. माणूस बदलतो, भूमिका बदलते, पण शिकलेलं पुढे चालत राहतं.

इंग्लंडमधलं एक उदाहरण फक्त जाता जाता. लीड्स युनायटेड २०२३ मध्ये प्रीमिअर लीगमधून खाली गेला. पुढच्या हंगामात ४६ सामन्यांत ९० गुण मिळवले, तरी तिसरा आला आणि प्लेऑफच्या अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनकडून १-० नं हरला. नव्वद गुण आणि हातात काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी १०० गुणांसह पहिला येऊन वर गेला. बर्नलीचेही शंभरच होते, गोलफरकावर निभावलं. कृष्ण म्हणतो की प्रयत्नानं, अनेक जन्मांत सिद्धी येते. आपल्याला मात्र ती याच हंगामात हवी असते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खाली गेलेला प्रत्येक संघ परत वर येतोच असं नाही. कृष्णही वर जायची तारीख देत नाही. त्याचं वचन निराळं आहे : केलेलं हरवणार नाही. बढतीचं वचन आणि न हरवण्याचं वचन यांत फरक आहे. पहिल्यावर विसंबलात तर प्रत्येक निकालाला श्रद्धा डळमळेल. दुसऱ्यावर विसंबलात तर उद्या पहाटे उठता येईल.

नेवाशाचा खांब

आमच्या नगरहून संभाजीनगर रस्त्यानं निघालं की नेवासा फाटा लागतो. आत प्रवरेकाठी पैस खांब आहे. शके १२१२ मध्ये याच नेवाशात ज्ञानोबांनी गीता मराठीत सांगितली. हा सहावा अध्यायसुद्धा. तेव्हा माउलींचं वय पंधरा-सोळा.

ते कोण होते आठवा. संन्याशाची पोरं म्हणून समाजानं वाळीत टाकलेली चार भावंडं. वडिलांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेवरून परत संसारात आले, म्हणून अख्खं घर खालच्या पायरीवर ढकललं गेलं. परंपरा सांगते, की शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावं लागलं. अशा पोरानं योगभ्रष्टाचा अध्याय सांगताना काय वाटलं असेल? समाजानं कुठल्या पायरीवर ठेवलंय याचा हिशेब करत बसले असते तर ज्ञानेश्वरी झालीच नसती. ग्रंथाच्या शेवटी मागणं मागितलं तेही सगळ्या जगासाठी, दुष्टांसाठीसुद्धा. खाली ढकललेल्या माणसानं सगळ्यांना वर उचललं.

याच जिल्ह्यात शिर्डीही आहे. साईबाबांची श्रद्धा आणि सबुरी आपण गाडीच्या काचेवर चिकटवतो. श्रद्धा अर्जुनाच्या प्रश्नात होतीच. सबुरी कृष्णाच्या उत्तरात आहे.

आजची साधना

मेसेज करणाऱ्या त्या मित्राला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना तीन गोष्टी.

एक, मागचं भरून काढायला जाऊ नका. आठ महिन्यांचे राहिलेले हरिपाठ एका दिवसात म्हणायचे नसतात. कुठलाही संघ गेल्या वर्षी हरलेले सामने परत खेळत नाही, तो पुढचा सामना खेळतो.

दोन, लहान मैदानावर उतरायची लाज सोडा. आज फक्त पाच मिनिटं. एक अभंग, एक श्लोक, नाहीतर नुसतं नाम. जमलं तर उद्या परत.

तीन, आकडा मोजू नका. निदान महिनाभर तरी ॲप बंद ठेवा. आपली घडण मोजायचं काम त्याच्यावर सोपवा.

आणि हो, त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर : नाही रे बाळा, काहीही वाया गेलेलं नाही. आठ महिन्यांनंतरही तुला त्या पहाटेची आठवण येते, चुटपुट लागते, हीच आधीच्या अभ्यासाची ओढ आहे. ढग विरला असता तर तू हा मेसेजच केला नसतास.

पांडुरंगा, आम्हाला वरची जागा दे असं आज मागत नाही. जिथं असू तिथं खेळायचं बळ दे आणि तुझी ओढ सुटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!