अंगावरचे संस्कृत : शब्द, अक्षर आणि जागा

संस्कृत मजकुराचा टॅटू परदेशात नक्षी म्हणून खपतो. लंडनमध्ये कुणाच्या मनगटावर देवनागरी ओळ असली, तरी समोरच्याला ती वाचता येत नाही आणि तीत चूक असेल तर तीही नक्षीत जिरून जाते. जळगावात किंवा धुळ्यात ही सोय नाही. एसटीचा कंडक्टर, रसवंतीवाला, बँकेतला कॅशियर असे सगळेच देवनागरी वाचतात. संस्कृत येत नसले तरी वेलांटी चुकलेली त्यांना कळते आणि ते ती बोलूनही दाखवतात. खानदेशात असा टॅटू आधी मजकूर असतो, मग दागिना. म्हणून काय लिहायचे, कोणत्या वळणाने लिहायचे आणि अंगावर कुठे लिहायचे हे तीन प्रश्न येथे एकत्रच सोडवावे लागतात. बहुतेक जण मात्र आधी जागा ठरवतात, मग मोबाइलवर चित्र शोधतात आणि मजकुराचा विचार खुर्चीत बसल्यावर करतात.

अंगावर खूण करून घेणे खानदेशाला नवे नाही. गावोगाव फिरणारी गोंदणारीण सुयांची जुडी किंवा काटा काजळीत बुडवून टोचत असे आणि वरून पाल्याचा रस किंवा हळद लावत असे. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, विंचू, कमळ, पाळणा ही नेहमीची चित्रे होती. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत भिल्ल आणि पावरा बायांच्या चेहऱ्यावर व हातांवर आजही असे गोंदण दिसते. मेल्यावर बरोबर येतो तो एवढाच दागिना, ही समजूत त्यामागे होती. या जुन्या गोंदणात अक्षर जवळजवळ नव्हते, कारण गोंदणारी आणि गोंदवून घेणारी दोघीही निरक्षर असत. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, ही त्या पिढीतल्या बायकांची सर्वसाधारण स्थिती होती.

अक्षर अंगावर आले ते शाळा आणि यात्रा यांच्या वाटेने. अमळनेरच्या बोरी नदीपात्रातली सखाराम महाराजांची यात्रा, धुळ्यात पांझरेकाठची एकवीरादेवीची यात्रा, सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार अशा ठिकाणी पाळणे आणि भांड्यांच्या दुकानांशेजारी बॅटरीवरचे मशीन घेऊन गोंदणारा बसू लागला. पुढ्यात नमुन्यांचा पुठ्ठा आणि त्यावर बदाम, नाग, ॐ, राम, जय भीम, आई. स्वतःचे नाव हातावर कोरून घेणे ही साक्षर झाल्याची खूणही होती. संस्कृत ओळ त्यानंतर आली आणि ती यात्रेतून नव्हे, क्रिकेटपटू, नट आणि मोबाइल यांच्यामार्फत आली. दोहोंतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना धर्मशास्त्राने वेद ऐकण्याचाही अधिकार नाकारला होता, त्यांची नातवंडे आज गायत्री मंत्र दंडावर घेऊन फिरतात. यात कुणाला विटाळ दिसतो, कुणाला वसुली. अधिकाराचा वाद आता संपल्यात जमा आहे. उरतो तो वाचण्याचा प्रश्न आणि तो सुटलेला नाही.

भाषेची निवड वाचकाकडे पाहून करावी, हे या मुलखाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. वंशाची थोरवी आणि स्तुती संस्कृतात आहे. मठाला कोणी काय द्यायचे हा तपशील आला की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. देणाऱ्याला जे कळायलाच हवे ते त्याच्या बोलीत लिहिले गेले. अंगावर काही कोरून घेणाऱ्यालाही हाच निकष लावता येतो. आईविषयी, शेताविषयी, गेलेल्या भावाविषयी सांगायचे असेल, तर मराठीत किंवा अहिराणीत ते अधिक थेट उतरते. संस्कृत घ्यावे ते तिथे, जिथे मूळ वचनच संस्कृत आहे किंवा एक शब्द पुरेसा आहे.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे इंग्रजी सुविचाराचे यंत्राकडून करवून घेतलेले संस्कृत भाषांतर. गायिका केटी पेरी आणि विनोदी नट रसेल ब्रँड या तेव्हाच्या जोडप्याने दंडाच्या आतल्या बाजूला एका इंग्रजी वाक्प्रचाराचा संस्कृत तर्जुमा गोंदवून घेतला, तो या तऱ्हेचा प्रसिद्ध नमुना. असे वाक्य संस्कृतात कुणी कधी म्हटलेले नसते. त्यातली विभक्ती जुळली तरी त्याला मागे ग्रंथ नसतो, पुढे वाचक नसतो. त्यापेक्षा गीतेतला किंवा उपनिषदातला एखादा चरण बरा. तो छापील प्रतीत ताडून पाहता येतो, त्याचा अर्थ सांगणारी टीका असते आणि शाळेत आठवीपासून संस्कृत शिकवणारे शिक्षकही तो ओळखतात. पूर्ण श्लोक मात्र क्वचितच घ्यावा. अनुष्टुभाचा एक श्लोक म्हणजे बत्तीस अक्षरे. ती हातावर बसवायची तर इतकी बारीक होतात की काही वर्षांत ती नुसती काळी पट्टी दिसते.

शुद्धलेखनाच्या अडचणी दोन दिशांनी येतात. पहिली अडचण मराठीच्या सवयीची. मराठी लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिला जातो, म्हणून जळगावचा मुलगा शाळेत ‘शक्ती’, ‘शांती’, ‘भक्ती’ असेच शिकतो. संस्कृतात मूळ शब्द ‘शक्ति’ आहे आणि प्रथमेत ‘शक्तिः’. मनगटावर ‘शक्ती’ असेल तर ती मराठी आहे, चूक नव्हे, पण तिला संस्कृत म्हणू नये. याउलट ‘ब्रम्ह’, ‘तत्व’, ‘आर्शीवाद’ ही रूपे कोणत्याच भाषेत शुद्ध नाहीत, तरी ती रिक्षांच्या मागे आणि लग्नपत्रिकांवर इतकी दिसतात की टॅटूवाल्याला ती बरोबरच वाटतात. ‘ब्रह्म’मध्ये ह आधी आणि म नंतर, ‘तत्त्व’च्या जोडाक्षरात दोन त, ‘आशीर्वाद’मधला रफार ‘व’वर. या तीन ठिकाणी नजर टाकली तरी निम्म्या चुका सापडतात.

दुसरी अडचण संगणकाची. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या प्रणालीत चिकटवला की अक्षरे बदलतात. चित्र काढण्याच्या काही प्रणाल्यांना देवनागरीची जोडणी कळत नाही. तिथे ‘शक्ति’ टाकला की क चा पाय मोडलेला दिसतो, त आणि क सुटे पडतात आणि वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे जाऊन बसते. स्टेन्सिल छापणाऱ्याला देवनागरी नीट येत असेल तर तो हे पकडतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत इंग्रजीवर वाढलेला कलाकार असेल तर तो जे पडद्यावर आहे तेच उतरवतो. संगणकाऐवजी हाताने लिहिलेले अक्षर वापरावे, हा यावर साधा उपाय आहे. खानदेशात त्याचे नमुनेही उत्तम आहेत. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातली वाल्मीकि रामायणाची प्रत जपलेली आहे. बोरूने लिहिलेल्या देवनागरीचा जाड-बारीक भरणा, उकाराचा पीळ, दंडाची उभी रेघ हे सगळे अशा पोथ्यांत पाहायला मिळते. टॅटूच्या मासिकांतली टोकदार, अर्धवट रोमन वळणाची ‘संस्कृत शैली’ त्यापुढे नाटकी वाटते.

चुकीच्या चर्चेत एक गमतीची नोंद हवी. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने २००० साली पत्नी व्हिक्टोरियाचे नाव देवनागरीत हातावर गोंदवले, तेव्हा त्यात जास्तीचा ह घुसला म्हणून जगभर हसू झाले. हिंदीच्या रीतीने ती चूक खरीच. पण मराठीत याच नावाच्या इंग्लंडच्या राणीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या ‘व्हिक्टोरिया’ असेच लिहिले जाते. बेकहॅमचा हात मराठी म्हणून वाचला तर निर्दोष ठरतो.

अक्षराचे पुढे काय होते, हे त्वचा ठरवते. वरची कातडी साधारण महिन्याभरात बदलते, म्हणून शाई तिच्याखालच्या थरात सोडली जाते. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी उचलतात, असे २०१८ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसून आले. या देवघेवीत आणि वयानुसार कण थोडे थोडे सरकतात आणि रेघ रुंदावते. जुन्या गोंदणाला याचा त्रास नव्हता. विंचू पसरला तरी विंचूच राहतो. अक्षर पसरले की दुसरेच अक्षर होते, नाहीतर अक्षरच राहत नाही. देवनागरीत तर अर्थ बारीकसारीक खुणांवर तोललेला असतो. ‘शिव’ची वेलांटी विरली तर ‘शव’ उरतो. मुलाच्या जन्मानिमित्त ‘सुत’ लिहवून घेणाऱ्याचा उकार लांबला तर त्याचा सूत, म्हणजे सारथी, होतो. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटला की नाहीसा होतो, विसर्गाचे दोन ठिपके एकमेकांत मिसळले की उभी रेघ दिसते. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत निदान सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंची, जोडाक्षरांच्या पोटात मोकळी जागा आणि ठिपका रेषेपासून सुटा, एवढे तरी धरून चालावे. कमी शब्द आणि मोठे अक्षर हा नियम यातूनच येतो.

जागेचा विचारही मग याच अंगाने करावा लागतो. सपाट, कमी ताणली जाणारी आणि उन्हापासून आडोशाला असलेली कातडी अक्षराला मानवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत काम करणाऱ्याच्या हाताची बाहेरची बाजू वर्षभर ऊन, घाम आणि केळीचा चीक झेलते. तिथली शाई लवकर फिकी पडते. ताज्या टॅटूची जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे उन्हाळ्यापेक्षा दिवाळीनंतरचे दिवस बरे. बोटांवर आणि तळहाताच्या कडेला कातडी सतत घासते, अक्षर टिकत नाही. पोट आणि दंड वजनाबरोबर ताणले जातात. छातीच्या मध्यावर, खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात वण फुगून गाठीसारखा वाढण्याची प्रवृत्ती असते, सावळ्या त्वचेत अधिकच. ज्याच्या अंगावर आधीचा एखादा वण असा फुगला आहे, त्याने या जागा टाळाव्यात. नेमक्या याच जागा मंत्रासाठी सर्वांत जास्त मागितल्या जातात, ही अडचण आहे.

देवनागरीची स्वतःची एक अट आहे, ती म्हणजे शिरोरेषा. पाठीच्या कण्यावर अक्षरे एकाखाली एक रचली की ती तुटते आणि शब्द वाचायला मान वाकडी करावी लागते. मनगटाभोवती गोल फिरवलेली ओळ बांगडीसारखी शोभते, पण एका नजरेत निम्मीच दिसते. कोपराखाली हात वळतो तशी ओळही पिळली जाते, म्हणून स्टेन्सिल हात सहज सोडलेला असताना बसवावी. अक्षरांचे तोंड कुणाकडे, हेही आधीच ठरवावे लागते. स्वतःला सरळ दिसणारी ओळ समोरच्याला उलटी दिसते. रोज स्वतःला आठवण द्यायची असेल तर ते योग्यच, पण उलटा ॐ पाहून चार लोक विचारणार हे धरून चालावे.

पवित्र शब्दाला कमरेखाली जागा देऊ नये, हा संकेत खानदेशात बहुतेक घरांत पाळला जातो. जुन्या गोंदणातही पायावर नक्षी असे, तुळशीवृंदावन हातावर. हा केवळ घरगुती प्रश्न राहिलेला नाही. २०१५ मध्ये बंगळूरात पायावर यल्लम्मा देवीचा टॅटू असलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याला जमावाने घेरले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. दमदाटी करणाऱ्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. तरी पोटरीवर मंत्र घेणाऱ्याला, चप्पल काढताना दुसऱ्याच्या नजरेत काय येते, याची कल्पना असावी.

खानदेशातल्या तरुणांसाठी सगळ्यांत निर्णायक ठरतो तो भरतीचा नियम. पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुला-मुलींची संख्या जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मोठी आहे आणि मैदानी चाचणी पार करून वैद्यकीय तपासणीत टॅटूमुळे अडकलेले उमेदवार दरवर्षी निघतात. सैन्यदलाच्या भरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागच्या बाजूस टॅटू चालतो, इतरत्र नाही. प्रथेनुसार गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींना यातून सवलत आहे, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा उमेदवाराला जी मुभा मिळू शकते ती त्याच्या शेजारच्या गावातल्या इतर उमेदवाराला नाही. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांत नियम आणखी काटेकोर आहे. तिथे टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर लागतो, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो. पंजाची पाठही चालते. आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. धार्मिक चिन्ह आणि नाव यांना मात्र हरकत नाही. चालू जाहिरात वाचून खात्री करावीच, पण कातडी, वाचक आणि नियम या तिन्ही कसोट्यांवर डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू सहसा उतरते.

सुईबाबत फारसे सांगण्याची गरज नाही. प्रत्येकासाठी नवी सुई आणि शाईची वेगळी वाटी नसेल तर तिथून उठावे. यात्रेतल्या मशीनवर एकच सुई दिवसभर चालते आणि तिच्यातून कावीळ ब व क तसेच एचआयव्ही पसरू शकतो. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे नियमित रक्तदात्यांनी लक्षात ठेवावे.

स्टेन्सिल उतरवल्यावर आणि सुई लागण्याआधी मजकूर अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा ज्याला तो आधी सांगितलेला नाही. इथवर चूक साबणपाण्याने पुसली जाते. नंतर शाई वाढवता येते, कमी करता येत नाही. राहिलेला अनुस्वार, विसर्ग किंवा रफार, जागा सोडली असेल तर, पुढे भरता येतो. ‘ब्रम्ह’चा ‘ब्रह्म’ करता येत नाही. तिथे एक तर वरून मोठे चित्र घ्यावे लागते किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे लेसर. लेसरच्या अनेक बैठका लागतात, दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते आणि सावळ्या त्वचेवर पांढुरका किंवा गडद डाग राहू शकतो. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी होते. हिरवी आणि पिवळी निघणे कठीण असते, त्यामुळे मजकुराची रेघ तरी काळीच ठेवलेली बरी.