स्वावलंबनाचा भाव

सोन्याचा, सोयाबीनचा आणि शेअरचा भाव हल्ली एकाच फोनवर पाहायला मिळतो. आपल्या सीमाभागातल्या कुठल्याही पेठेत जा. गिऱ्हाईक मराठीत बोलत असो की कानडीत, ‘मार्केट’ हा शब्द दोन्हींत सारखाच येतो. भिशी आणि पोस्टातली बचत यांपलीकडे ज्यांनी कधी पाहिले नाही, अशा घरांतली मुलेही आता डीमॅट खाते उघडून बसली आहेत. देशातल्या अशा खात्यांची संख्या २०२४ मध्ये १५ कोटींच्या पुढे गेली. अशा वेळी ‘स्वावलंबन’ हा जुना शब्द पुन्हा एकदा पारखून घ्यावासा वाटतो. ज्याची पुंजी शेकडो मैल दूरच्या, कधी न पाहिलेल्या कारखान्यांत गुंतलेली आहे, त्याला स्वावलंबी म्हणावे काय?

याची दोन उत्तरे आपल्याकडे तयार असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, शेअर म्हणजे जुगार. माणसाने जमीन करावी, चार तोळे सोने करावे आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत. तरुण म्हणतात, पैशालाच कामाला लावावे, म्हणजे आपल्याला कुणाची चाकरी करावी लागणार नाही. हेच खरे स्वावलंबन. दोन्हींत थोडेथोडे तथ्य आहे. पण आपला पैसा तिथे नेमके कोणते काम करतो, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

शेअर आणि स्वावलंबन यांचे वैर मुळातले नाही. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी भांडवल हवे होते. लंडनच्या बाजारात ते मिळेना, म्हणून ते इथेच मागायचे ठरले. स्वदेशीच्या वाऱ्याने भारलेल्या सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी अवघ्या तीन आठवड्यांत ते उभे केले. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. या लोकांना आपला पैसा कशासाठी जातो आहे हे ठाऊक होते. शेअर या शब्दाचा मूळ अर्थच वाटा असा आहे, आणि वाटा म्हटला की नफ्याबरोबर जोखीमही आली.

आपल्या बेळगावचेच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासेल, या समजुतीमुळे शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. दहा वर्षांनी, १९२० साली, तिथल्या कारखान्याची लिमिटेड कंपनी झाली. ज्या माणसाचे नाव आपण स्वावलंबनाचा धडा म्हणून मुलांना सांगतो, तोही असा दुसऱ्याच्या विश्वासावर उभा राहिला. आपले जुने स्वयंपूर्ण खेडे तरी कुठे एकट्याच्या बळावर चालत होते? सुतार, लोहार, कुंभार यांच्यावाचून कुणब्याचा नांगर शिवारात उतरत नव्हता. तेव्हा कुणावरही अवलंबून नसणे म्हणजे स्वावलंबन, ही व्याख्या टिकत नाही. आपण कुणावर आणि कशासाठी विसंबलो आहोत हे डोळे उघडे ठेवून जाणणे, आणि गरज पडल्यास त्याला ‘नको’ म्हणता येणे, हा त्याचा खरा अर्थ असावा.

या कसोटीवर बाजाराची दुसरी बाजू उघडी पडते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरांत शिरला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे कागद भलत्याच भावाने विकले जाऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला; त्या पडझडीत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. १९९२ च्या आरंभी सेन्सेक्स दोन हजारांच्या आसपास होता, एप्रिलमध्ये तो साडेचार हजारांच्या घरात पोहोचला. मग बँकांच्या रोख्यांतला घोटाळा बाहेर आला आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्याच्या आसपास उतरला. त्या चार महिन्यांत देशातले कारखाने दुप्पट झाले नव्हते. वाढली होती ती फक्त शेजाऱ्याला मिळाले ते मलाही मिळावे, ही घाई.

ती घाई आता फोनवर आली आहे. फ्युचर्स आणि ऑप्शन्स या सौद्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरातल्या ९३ जणांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असे सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात दिसून आले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. धान्याच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याला भाव बांधून घेण्यासाठी असे सौदे उपयोगी पडतात, हे खरे. पण ज्याला विकायला पोतेभर माल नाही, त्याच्या अशा सौद्यातून नवे काही निर्माण होत नाही. त्याचा नफा म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी तोटा असतो, आणि दलाली दोघांकडून जाते. कर्ज काढून या फेऱ्यात शिरलेला मुलगा घरात कुणाशी धड बोलत नाही, जेवताना त्याची नजर फोनवर असते. चाकरी नको म्हणून जो इथे आला, त्याला इथला धनी तर मिनिटामिनिटाला हाक मारतो.

मग बाजाराला रामराम ठोकावा काय? तेही आपल्या हाती उरलेले नाही. महागाई वर्षाला सात टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांत जिन्नस जवळजवळ दुप्पट दराने घ्यावे लागतात. ट्रंकेतल्या नोटा तेवढ्याच राहतात. २००४ पासून केंद्राच्या नव्या नोकरदारांचे निवृत्तिवेतनही बाजाराशी जोडले गेले. निश्चित पेन्शनचा पर्याय पुन्हा मिळाला तो २०२५ मध्ये. ज्यांना कुठलीच पेन्शन नाही आणि ज्यांची मुले पुण्याला नाहीतर बंगलोरला आहेत, अशा नवरा-बायकोने म्हातारपणासाठी पुंजी वाढवू पाहिली तर तिला लोभ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणजे प्रश्न बाजारात जाण्या-न-जाण्याचा नसून किती पुरे, हे कुणी ठरवायचे याचा आहे. आपल्या शेजारच्या कन्नड परंपरेत याचे एक सुंदर उदाहरण आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणमध्ये आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणण्याचे काम करीत असे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. त्याची बायको लक्कम्मा हिने ते पाहिले आणि ही हाव आपल्याला कशाला, असे म्हणून जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला सांगितले. शरणांच्या कायक आणि दासोह या दोन कल्पना त्यातून उलगडतात: कष्टाने मिळवावे आणि मिळवलेले वाटून खावे. लक्कम्माचे घर गरीब होते, पण आपली गरज किती हे तिला दुसऱ्या कुणाला विचारावे लागले नाही.

आपण काही लक्कम्माइतके विरक्त होणार नाही, आणि संसारी माणसाने तसे व्हावे असा आग्रहही नाही. पण शेअर घेण्याआधी ही कंपनी काय करते ते घरातल्या माणसांना साध्या शब्दांत सांगता येते का, आणि ही सगळी रक्कम बुडाली तरी आपली चूल पेटत राहील का, एवढे तरी स्वतःला विचारता येईल. ही उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल घ्यावा. मग येत्या पाडव्याला चोपडीपूजन करताना, यंदा किती वाढले याच्या खाली आम्हाला किती पुरे हाही आकडा लिहावा. तो मात्र बाजाराला न विचारता घरात बसून, बायकोमुलांच्या विचाराने लिहावा.