पहारेकऱ्याचे स्मरण कसे करावे?



ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो, त्याच्या मरणाचे दुःख कुलपाआडच्या माणसाने का करावे? हा प्रश्न तुमच्या मनात आला तर त्यात नवल नाही. आपल्या वस्त्यांना गणवेशाची ओळख बहुधा दंडुक्यानेच झालेली आहे. कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या तुरुंग कर्मचाऱ्यांचे स्मरण करा, असे कोणी म्हटले तर "ते त्यांचे त्यांनी करावे" हे उत्तर सहज ओठांवर येते. हे उत्तर विवेकाला पटते काय? एका घटनेच्या आधारे आपण त्याचा विचार करू.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅटिका नावाचे कारागृह आहे. १९७१ साली तेथे सुमारे २,२०० कैदी होते. त्यांतील निम्म्याहून अधिक काळे, तर पहारेकरी जवळजवळ सारे गोरे होते. कैद्यांना आठवड्यातून एकदाच अंघोळ करता येई. ९ सप्टेंबरला तेथे उठाव झाला. एका सदोष फाटकाचा सांधा तुटला आणि कैद्यांच्या जमावाने विल्यम क्विन या २८ वर्षांच्या पहारेकऱ्याला बेदम मारले. दोन दिवसांनी तो मरण पावला. सुमारे ४० कर्मचारी ओलीस धरले गेले. कैद्यांचा छळ खरा होता, त्यांच्या अनेक मागण्या रास्त होत्या. परंतु क्विनचा जीव कैद्यांच्या हातून गेला, हेही तितकेच खरे आहे. रास्त मागणीने खून पुसला जात नाही. आणि त्याच कैद्यांपैकी काळ्या मुस्लिमांनी ओलिसांभोवती कडे करून त्यांचे रक्षण केले, हेही विसरता येत नाही.

वाटाघाटी फिसकटल्या. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी तेथे येण्याचे नाकारले. १३ सप्टेंबरच्या सकाळी अश्रुधूर सोडून सरकारी बंदुका चालल्या. त्या गोळीबाराने ३९ माणसांचा बळी घेतला: २९ कैदी आणि १० ओलीस. कैद्यांजवळ एकही बंदूक नव्हती.

त्याच दिवशी अधिकाऱ्यांनी जगाला सांगितले की, कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. वृत्तपत्रांनी ते छापले, लोकांनी ते मानले. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन करणारे डॉ. जॉन एडलंड यांनी सत्य सांगितले: ओलीस गोळ्यांनी मेले आहेत. त्यांना देशद्रोही म्हटले गेले, धमक्या आल्या. सरकारने त्यांचे निष्कर्ष दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले. त्यांनीही तेच सांगितले.

आता सांगा, त्या मृत पहारेकऱ्यांचा खरा सन्मान कोणी केला? गळे चिरल्याची कथा पसरवून संताप पेटवणाऱ्यांनी की एडलंड यांनी? खोट्या कथेत मृत माणूस सूडाचे हत्यार होतो. त्याच्या नावाने अश्रू ढाळले जातात, पण त्याला कोणी मारले हे लपवले जाते.

त्यांच्या विधवांचे काय झाले, तेही ऐका. त्यांना नुकसानभरपाईचे अल्प रकमेचे धनादेश पाठवण्यात आले. धनादेश वटवला की सरकारवर दावा करण्याचा हक्क जातो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. घरात चूल पेटायची होती. बहुतेकींनी ते वटवले. एकीने वटवला नाही आणि तिलाच पुढे न्यायालयात न्याय मिळाला. बाकीच्या कुटुंबांना १ कोटी २० लाख डॉलर मिळण्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. कैद्यांच्या बाजूची ८० लाखांची तडजोडही २००० सालीच झाली. म्हणजे जे सरकार कैद्याला माणूस मानत नव्हते, ते आपल्या पहारेकऱ्यालाही फार काही मानत नव्हते. पगारासाठी वर्दी चढवलेला माणूस आणि कुलपाआडचा माणूस एकाच अंगणात, एकाच सत्तेच्या गोळ्यांनी पडले.

म्हणून त्या पहारेकऱ्यासाठी दुःख करणे म्हणजे तुरुंगाच्या अन्यायाला मान्यता देणे, असे समजू नका. करुणा ही न्यायाचा हिशेब सोडून देत नाही; ती त्या हिशेबात कोणालाही गाळू देत नाही. खोटे न बोलण्याचे शील आपण घेतो, ते जिवंत माणसांपुरतेच आहे काय? मेलेल्यांबद्दल खोटे बोलणे तर अधिक सोपे, कारण त्यांना उत्तर देता येत नाही.

दरवर्षी १३ सप्टेंबरला अ‍ॅटिकाच्या भिंतीबाहेर, मृत कर्मचाऱ्यांची नावे कोरलेल्या दगडापाशी त्यांची कुटुंबे जमतात. त्यांच्या दुःखाला आपण मान देऊ या. त्याच वेळी भिंतीआड मेलेल्यांनाही आठवू या. आणि आपल्या मुलांनी विचारले, "ज्यांनी आपल्यासारख्यांना कोंडले, त्यांच्यासाठी का रडायचे?" तर त्यांना सांगा: बाळांनो, माणूस मेला की प्रथम खरे काय घडले ते शोधावे. सत्य कळल्यावर कोणाला दुःखातून वगळावे, हा प्रश्न उरणार नाही.