आठवण कुणाच्या जिवावर?

"आई गेली आणि बाबा एकदमच ढासळले." मेंदूविकारतज्ज्ञांच्या खोलीत हे वाक्य हमखास कानी पडते. पुढचा तपशीलही ठरलेला: बाबा गॅस चालू ठेवून फिरायला गेले, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली, नातीला मुलीच्या नावाने हाक मारली. धक्का बसला, असे सगळ्यांचे मत पडते. धक्का बसलेला असतोच. पण खोदून विचारले की कळते, गोळ्या काढून हातावर ठेवण्याचे काम गेली काही वर्षे आईच करत होती. पाहुणा दारात दिसला की "अहो, हे तुमच्या ऑफिसातले कुलकर्णी" असे तीच आधी बोलून टाकायची. बाबा वाक्यात अडखळले की अडलेला शब्दही तीच पुरवायची. आजार जुनाच होता. तो झाकणारे माणूस गेले.

आपण स्मरणशक्ती ज्याच्या त्याच्या डोक्यात राहते असे धरून चालतो. घरात मात्र ती वाटून घेतलेली असते. कोणाची वाढदिवसाची तारीख, कोणाचे श्राद्ध, लॉकरची किल्ली, दूधवाल्याचा हिशेब हे सगळे कोणा एकाकडे नसते. त्यामुळे हा आजार व्यक्तीला होत असला तरी तो उघडकीस येतो घराची घडी विस्कटल्यावर.

अल्झायमर या आजारात मेंदूत काय होते ते थोडक्यात सांगतो. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर पेशींच्या बाहेर साचतात, टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत होतात. हे सारे लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेले असते. पहिला घाला बहुधा हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे नव्या आठवणी जिथे पक्क्या होतात त्या भागावर पडतो. म्हणून १९६५च्या युद्धातला ब्लॅकआउट लख्ख आठवतो आणि सकाळचे पोहे आठवत नाहीत. डिमेन्शिया हे या लक्षणसमूहाचे नाव. त्याच्या साठ ते सत्तर टक्के रुग्णांत कारण अल्झायमर असते. बाकीच्यांत मेंदूचा बिघडलेला रक्तपुरवठा आणि इतर विकार.

या आजाराच्या इतिहासातली पहिली नोंदही स्वयंपाकघरापाशी जाते. नोव्हेंबर १९०१मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. तक्रारी अशा, की ती उगाच नवऱ्यावर संशय घेते, वस्तू लपवून ठेवते, स्वयंपाकात चुका करते. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला तपासले, आणि १९०६मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्यांना ते थर आणि गुंते सापडले. १९१०मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. पण बाई पन्नाशीची होती ना! त्यामुळे हा ऐन वयात होणारा दुर्मीळ आजार ठरला, आणि ऐंशीच्या माणसाला तेच झाले तर त्याला म्हातारपण म्हणायचे, ही विभागणी पुढे कित्येक दशके टिकली. दोन्ही बहुतांशी एकच आहे, हे रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून मांडले ते १९७६मध्ये. आपल्याकडे "वय झालं आता" हे निदान अजूनही चालते.

भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासातून २०२३मध्ये पुढे आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. शाळेचे तोंड कोणाला पाहू दिले आणि कोणाला नाही, याचा हिशेब असा सत्तरीत निघतो.

स्मृती तपासायची रूढ प्रश्नावली मात्र ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाच्या बेताची आहे. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य लिहून दाखवा. कधीच पेन न धरलेल्या बाईला यात नापास करणे सोपे आहे. हरयाणातल्या बल्लभगडला १९९०च्या दशकात संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदी चाचणी मुद्दाम बेतली, ती यासाठीच. मला विचाराल तर मराठवाड्यातल्या आजीला तारीख विचारू नये. मागची चतुर्थी कधी झाली ते विचारावे, आणि सुनेला विचारावे की आमटीत मीठ दोनदा पडते का, पुरण शिजले की नाही हे आजी अजून बोटाने ओळखतात का. सून बरोबर सांगते. तिला कोणी विचारत नाही, एवढेच.

निदानाआधी काही साध्या गोष्टी तपासायलाच हव्यात. थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीत हळूहळू साचलेले रक्त आणि ब-१२ची कमतरता. शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही शेवटची शक्यता विशेष. यांतले बरेच काही उपचारांनी सुधारते. अल्झायमर तसा मागे फिरत नाही. अमेरिकेत २०२३मध्ये मान्यता मिळालेले लेकानेमॅब सुरुवातीच्या टप्प्यात घसरण थोडी मंदावते, किंमत भारी, मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४मध्ये सांगितले, की जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया चौदा कारणांवर काम केले तर टाळता वा लांबवता येईल. त्यांत कमी ऐकू येणे हेही आहे, आणि आपल्याकडची श्रवणयंत्रे खणात पडलेली असतात.

डॉक्टरांच्या यादीत न दिसणारी एक गोष्ट मी आपल्या शहरांपुरती जोडीन: पुनर्विकास. गिरगावातल्या चाळीत पन्नास वर्षे राहिलेल्या माणसाला जिना, नळ, समोरचा वाणी हे आठवावे लागत नाही, पाय आपसूक नेतात. तो चुकला तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला "आजोबा, घर इकडं" म्हणून परत लावून देतो. चाळ पाडली, तात्पुरते भाड्याचे घर दूर उपनगरात, मग टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एकसारखी चार दारे. आजोबा रात्री संडास शोधत मुख्य दार उघडतात आणि घरच्यांना वाटते, आजार झपाट्याने वाढला. चार महिने पुण्याला, चार महिने न्यू जर्सीला अशी आईबापांची वाटणी करणारी मुलेही प्रेमानेच हे करतात. पण दर वेळी त्या माणसाचा बाहेर साठवलेला मेंदूच काढून घेतला जातो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात, मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे भरकटत जातात. माहुताची बायको त्यांना सांभाळते. ते कोण होते हे तिला ठाऊकच नाही, म्हणून ती त्यांची परीक्षा घेत नाही. आपण घेतो. दारात आलेला प्रत्येक नातलग पलंगाशी वाकून विचारतो, "ओळखलंत का मला?" नापास झालेला माणूस खजील होऊन हसतो, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की आतल्या खोलीतून बाहेरच येत नाही. "मी सुधा, तुमची पुतणी" असे आधीच सांगायला काय लागते?

व्यवहाराची बाजू याहून कठोर आहे. सही जुळत नाही म्हणून बँक चेक परत करते. कोणीतरी सुचवते, कुलमुखत्यारपत्र करून घ्या. पण १८७२च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणारा भानावर राहिला नाही की ते संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी. मृत्युपत्र, संयुक्त खाते, कोणाकडे राहायचे, शेवटी नाकात नळी घालायची की नाही, हे सारे सांगण्याइतकी समज सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकांना असते. नेमक्या त्याच टप्प्यात मुले डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, "त्यांना काही सांगू नका, खचतील." खचतीलही. पण घर, पैसा आणि शरीर त्यांचे आहे, आणि त्यांना विचारता येण्याचा काळ फार तर दोन-चार वर्षांचा.